‘मोफत आहे, तर खर्च कशाचा?’ – शाळा चालवणाऱ्या संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना खुले पत्र

माननीय अध्यक्ष, सचिव आणि शाळा समितीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावातल्या अनुदानित हायस्कूलमध्ये संगणक शिकवते. लॅबची किल्लीही माझ्याकडेच असते. कार्यालयातला प्रिंटर अडला तरी माझ्याच नावाने हाक येते. शाळेचं आणि संस्थेचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण तालुक्यातल्या इतर संगणक शिक्षकांशी बोलले तेव्हा जवळजवळ प्रत्येकाने हीच कहाणी आपल्या शाळेची म्हणून सांगितली.

गेल्या महिन्यात मी शाळा समितीपुढे एक अर्ज ठेवला. शाळेतल्या ३२ संगणकांवर विंडोजच्या जागी चालणारी उबुंटू २०.०४ ही लिनक्स प्रणाली आहे. तिची मोफत सिक्युरिटी अपडेट मे २०२५ मध्ये संपली, त्याला आता वर्ष होत आलं. कार्यालयातल्या ६ संगणकांसाठी वाढीव मुदतीची सशुल्क अपडेट घ्यावीत आणि लॅबमधले २६ संगणक उन्हाळी सुट्टीत नव्या प्रणालीवर न्यावेत, एवढंच माझं मागणं होतं. सगळा मिळून अंदाजे खर्च ५८ हजार रुपये. इतिवृत्तात उत्तर आलं ते एका ओळीचं: ‘सदर प्रणाली मोफत असल्याने खर्चाची आवश्यकता नाही.’

ती ओळ वाचून गप्प बसणं मला जमलं नाही, म्हणून हे पत्र. रोष कुणा एका व्यक्तीवर नाही. समितीतल्या बहुतेकांनी शाळेसाठी पदरमोड केली आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण त्या एका ओळीत जो समज आहे तो चुकीचा आहे, आणि त्याची किंमत मुलांच्या माहितीने मोजावी लागेल अशी मला भीती वाटते.

आधी ‘मोफत’ या शब्दाबद्दल. २००६ साली मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेजच्या पत्त्यावर परदेशातून माझ्या नावाने एक पाकीट आलं. आत उबुंटू ६.०६ च्या सीडी होत्या. किंमत नाही, टपालखर्चही नाही. शिपइट नावाच्या योजनेतून जगात कुणीही मागितल्या तर अशा सीडी घरपोच येत. मी त्या मैत्रिणींत वाटल्या, एक अजून जपून ठेवली आहे. तेव्हा मलाही वाटलं होतं, की हे फुकट आहे. मग हळूहळू कळत गेलं. मार्क शटलवर्थ यांनी त्यांची थॉट ही कंपनी १९९९ मध्ये व्हेरिसाइन या अमेरिकी कंपनीला सुमारे ५७.५ कोटी डॉलरना विकली आणि त्या पैशाच्या बळावर २००४ मध्ये उबुंटू सुरू केलं. माझ्या पाकिटावरचं तिकीटसुद्धा कुणाच्या तरी खिशातूनच लागलं होतं. २०११ मध्ये ती योजना बंद झाली.

मराठीत आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, मोफत आणि मुक्त. लिनक्स मुक्त आहे: उघडून बघा, बदला, वाटा, कुणी अडवणार नाही. ते मोफत मिळतं हेही खरं. पण मिळाल्यावर ते वर्षानुवर्षं सुरक्षित राखणं हे रोजचं काम आहे, आणि ते करणाऱ्याला पोट असतं.

हे काम नेमकं काय असतं ते एका दिवसाच्या हकिकतीतून सांगते. २६ जानेवारी २०२२. शाळा नुकत्याच पुन्हा उघडल्या होत्या. आदल्या रात्री क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी जाहीर केलं होतं, की पीकेएक्झेक नावाच्या एका छोट्या प्रोग्रॅममध्ये मोठं भोक आहे. साधं खातं असलेला कुणीही त्या भोकातून संगणकाचा पूर्ण ताबा घेऊ शकत होता. २००९ मध्ये तो प्रोग्रॅम पहिल्यांदा आला तेव्हापासून ते भोक तिथे होतं, जवळपास तेरा वर्षं, आणि जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर. आमच्या लॅबमध्ये तर प्रत्येक मुलाला साधं खातं दिलेलं! झेंडावंदन झालं, मुलं खाऊ घेऊन घरी गेली, आणि मी साडीवरच लॅबमध्ये जाऊन बसले. दुरुस्ती आलेली होती. उबुंटूच्या सुरक्षा चमूने ती घोषणेच्याच दिवशी बाहेर काढली होती. एकेका संगणकापुढे बसून अपडेट चालवत गेले आणि दुपारी दीडपर्यंत सगळे ३२ पूर्ण केले.

असं भोक उद्या पुन्हा सापडलं, तर मी झेंडावंदनानंतर बसले काय किंवा रात्रभर बसले काय, लावायला दुरुस्तीच नसेल. मुदत संपणं म्हणजे हेच. संगणक बंद पडत नाही, स्क्रीनवर लाल अक्षरं येत नाहीत, क्लार्क मॅडमचे दाखले छापून निघतात. म्हणून तर समितीला वाटतं, की सगळं ठीक चाललं आहे. मला मात्र अपडेटची आज्ञा दिली की त्या काळ्या खिडकीत रोज तोच निरोप दिसतो: अमुक इतकी सुरक्षा अपडेट तयार आहेत, पण ती वाढीव सेवा चालू असेल तरच मिळतील. गेल्या वर्षभरात तो आकडा वाढतच गेला आहे.

‘मग नवीन आवृत्ती टाका, ती तर फुकट आहे,’ असं बैठकीत एका सदस्यांनी सुचवलं. सूचना रास्त आहे, आणि लॅबपुरतं मीही तेच मागितलं होतं. कार्यालयाचा मामला वेगळा आहे. निकालपत्रकं आणि फीच्या पावत्या ज्या प्रोग्रॅमवर निघतात तो आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने लिहून दिलेला आहे. तो पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ७.४ आवृत्तीवर चालतो, आणि उबुंटू २०.०४ मध्ये ७.४ आहे. पुढच्या २२.०४ मध्ये ८.१ आहे, २४.०४ मध्ये ८.३. मी घरच्या संगणकावर करून पाहिलं: लॉगिनचं पान येतं, निकालपत्रकाचं पान कोरं येतं. प्रोग्रॅम नव्याने नीट करून घ्यायला वेळ लागेल. तो मुलगा आता पुण्यात नोकरीला आहे, शनिवार-रविवारी करून देईन म्हणाला आहे. त्यासाठी एखाद-दोन वर्षं जुनं घर टिकवायला हवं. सशुल्क वाढीव अपडेट नेमकी अशा अडचणीसाठी असतात. पीएचपीच्या मूळ चमूने ७.४ ची दुरुस्ती नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबवली. त्यानंतर नव्या आवृत्तीतली दुरुस्ती समजून घ्यायची, जुन्या कोडच्या मापाने कापायची, शिवायची, तपासायची. जुन्या सदऱ्याला त्याच कापडाचं ठिगळ शोधून लावण्यासारखं हे किचकट काम आहे. उबुंटूमागच्या कॅनोनिकल या कंपनीतली माणसं पगारावर ते करतात.

त्याचा दर? उबुंटू प्रो ही सेवा जानेवारी २०२३ मध्ये सर्वांसाठी खुली झाली, तेव्हा जाहीर झालेला दर टेबलावरच्या संगणकाला वर्षाला २५ डॉलर होता, सर्व्हरला ५००. कार्यालयातले ६ संगणक म्हणजे वर्षाला १५० डॉलर, आजच्या भावाने तेरा-चौदा हजार रुपये. दर वर्षी तेवढे भरले, तर २०.०४ ची सुरक्षा अपडेट २०३० पर्यंत चालू राहू शकतात. आम्हाला तर दोनच वर्षं हवी आहेत. टेलिफोनवरून मदत हवी असेल तर तिचे पैसे वेगळे. ती मी मागितलेली नाही.

आता एक गोष्ट, जी लिहिताना मला जड जातं. ही सेवा व्यक्तीला ५ संगणकांपर्यंत मोफत मिळते. बैठकीत एकाने सुचवलं, की सात शिक्षकांच्या नावाने सात खाती काढा, पाच सत्ते पस्तीस, प्रश्न मिटला. काही जण हसले, काहींनी माना डोलावल्या. मी नाही म्हणाले. ती सवलत माणसाला स्वतःच्या वापरासाठी आहे, किंवा त्याच्या स्वतःच्या छोट्या धंद्यासाठी. शाळा कुणा शिक्षकाची खासगी मालमत्ता नाही. ज्या लॅबच्या भिंतीवर मीच ‘चोरीचं सॉफ्टवेअर वापरू नका’ असा फलक लावला आहे, तिथे खोटी नावं घालून सेवा घेणार नाही. शिवाय उद्या त्या सातांपैकी दोघांची बदली झाली किंवा कुणी निवृत्त झालं, तर कुठला संगणक कुणाच्या खात्यावर आहे याचा पत्ता लागणार नाही. आपल्याला हे सुचलं याचं मला वाईट वाटलं, आणि ते आपल्याला सांगणं मला गरजेचं वाटतं.

कंपनीच्या धोरणावरही माझा आक्षेप आहे, तो लपवत नाही. उबुंटू सुरू झालं तेव्हाचं वचन असं होतं, की पैसे घेऊन मोठ्या कंपन्यांसाठीची वेगळी ‘एंटरप्राइझ’ आवृत्ती विकणार नाही, आपलं उत्तमातलं उत्तम काम सगळ्यांना सारख्याच अटींवर देऊ. २०१७ मध्ये १२.०४ ची मुदत संपली तेव्हा वाढीव अपडेट पहिल्यांदा पैशांवर गेली. पुढे जीकॉम्प्री, टक्सपेंट, गिम्प, व्हीएलसी असे प्रोग्रॅम ज्या मोठ्या भांडारात येतात त्या ‘युनिव्हर्स’ची सुरक्षा दुरुस्तीही उबुंटू प्रोमध्ये गेली. या भांडारातली बहुतेक पॅकेजं मुळात डेबियन या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या स्वयंसेवकांनी बांधलेली असतात. त्यांच्या दुरुस्तीसाठी आधी खातं उघडा, ही अट मला पटत नाही. आधी त्या भांडाराच्या दुरुस्तीची हमी कुणीच घेत नव्हतं, आता निदान कुणीतरी घेतं, हेही मान्य करते. पण हा आक्षेप मी उपभोक्ता म्हणून मांडते. शाळेने काहीच न करण्याची ती सबब होऊ शकत नाही.

कुणीच पैसे दिले नाहीत तर काय होतं, हे २०२४ च्या मार्चमध्ये जगाने पाहिलं. एक्सझेड नावाचं फायली दाबून लहान करण्याचं साधन जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते लासे कॉलिन हे एकटे गृहस्थ फावल्या वेळात, बिनपगारी सांभाळत होते. थकले होते, आणि तसं त्यांनी लिहिलंही होतं. मदतीला म्हणून आलेल्या एका अनोळखी नावाने दोन-एक वर्षं विश्वास कमावला आणि मग त्या साधनात चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन करताना अर्धा सेकंद जास्त का लागतो हा प्रश्न पडला, त्याने खोदून पाहिलं, आणि २९ मार्चला ते उघडकीला आलं. नेहमीच्या स्थिर आवृत्त्यांत तो दरवाजा पोहोचण्याआधी सापडला. अर्धा सेकंद!

कार्यालयातल्या संगणकांत काय आहे, हे समितीला आठवण करून द्यायला हवं. जनरल रजिस्टरची प्रत, मुलांचे आधार क्रमांक, जात प्रमाणपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती, शिष्यवृत्तीसाठी घेतलेले पालकांचे बँक खाते क्रमांक, शिक्षकांच्या पगाराची कागदपत्रं. यूडायस आणि सरल या सरकारी पोर्टलांचे पासवर्ड तर ब्राउझरमध्येच साठवलेले असतात. ते तसे ठेवू नयेत म्हणून मी तीनदा सांगितलं आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती सुरक्षित ठेवण्यासाठी वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी जास्त कडक अटी आहेत. घुसखोरी झाली तर ६ तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवायचं, असा निर्देश एप्रिल २०२२ मध्ये निघाला आहे. आमच्या शाळेत घुसखोरी झाली हे ६ तासांत तर सोडाच, ६ महिन्यांत तरी कळेल का, याची खात्री मी देऊ शकत नाही.

‘त्यापेक्षा विंडोज घेऊ’ हाही सूर निघाला. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो. आमचे संगणक चौथ्या पिढीचे आहेत. म्हणजे ३२ नवे संगणक घ्यावे लागतील. हा हिशेब मी इथेच सोडते.

केरळात काय चालतं ते बघा. तिथे काइट ही सरकारी संस्था राज्यातल्या शाळांसाठी उबुंटूवर आधारलेली स्वतःची प्रणाली तयार करते, वेळच्या वेळी आवृत्ती बदलते, शिक्षकांना शिकवते. परवान्यांचे पैसे वाचले आणि त्यातले थोडे माणसांवर लावले. आपण पैसे वाचवले, पण माणूस नेमलाच नाही. आपल्याकडे तो ‘माणूस’ म्हणजे मी, आठवड्याच्या २८ तासिका झाल्यावर. तक्रार कष्टांची नाही. रात्री साडेनऊला ‘मॅडम, मराठी टायपिंग गेलं’ असा फोन आला तर मी उचलते आणि पुढेही उचलेन. पण हे काम आहे, त्याला तास लागतात, ही नोंद कुठल्याच कागदावर नाही, हे मला सलतं.

आमच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये प्रत्येक संगणकाची खरेदीची तारीख आहे, किंमत आहे, बिल क्रमांक आहे. कीबोर्ड बदलला तर त्याचीही नोंद आहे. प्रणालीची मुदत कधी संपते, असा रकानाच नाही. पाण्याच्या टाकीवर धुतल्याची तारीख आपण रंगवून ठेवतो. अग्निशामक नळकांडं दर वर्षी भरून घेतो, आग लागली नाही म्हणून ते पैसे वाया गेले असं कुणी म्हणत नाही.

माझ्या मागण्या आता सरळ लिहिते.

रजिस्टरमध्ये तो रकाना या महिन्यातच वाढवावा: कुठली प्रणाली, कुठली आवृत्ती, सुरक्षा अपडेट कुठल्या तारखेपर्यंत. भरून द्यायचं काम मी करते.

कार्यालयातल्या ६ संगणकांसाठी उबुंटू प्रो शाळेच्या नावाने, शाळेच्या बँक खात्यातून, पावती घेऊन घ्यावं. दोन वर्षांसाठी. त्या मुदतीत निकालपत्रकाचा प्रोग्रॅम नव्या पीएचपीवर आणून घ्यावा आणि त्या माजी विद्यार्थ्याला त्याचं मानधन द्यावं. तो मागणार नाही, म्हणून मी मागते आहे.

लॅबसाठी सशुल्क सेवा नको. तिथे डेबियन १३ टाकू. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली ही आवृत्ती एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपसह आमच्या ४ जीबीच्या संगणकांवर व्यवस्थित चालते, दोन संगणकांवर मी महिनाभर चालवून पाहिली आहे. उबुंटूचंच हलकं रूप असलेल्या झुबुंटूचा विचार केला होता, पण त्याला तीनच वर्षं मिळतात. डेबियनला तीन वर्षं त्यांच्या सुरक्षा चमूची आणि पुढे दीर्घ मुदतीच्या योजनेची धरून २०३० पर्यंत वेळ मिळेल. २०१४ पासून चाललेल्या या योजनेत फ्रेक्सियन या कंपनीमार्फत काही संस्था-कंपन्या पैसे देतात, त्यातून दुरुस्ती करणाऱ्यांना तासांप्रमाणे मोबदला मिळतो, आणि झालेली दुरुस्ती पैसे न देणाऱ्यांनाही मिळते. मला ही रीत जास्त आवडते. संस्थेने डेबियनला वर्षाला दोन-चार हजारांची देणगी द्यावी, अशी विनंती आहे. विनंतीच, मागणी नाही.

सुट्टीतल्या कामासाठी दोन माजी विद्यार्थी आठ दिवस लागतील. दोघेही आयटीआय झालेले, गावातच आहेत. त्यांना रोजंदारी द्यावी, चहा-वड्यावर बोळवण नको. पुढे वर्षभर महिन्यातले दोन दिवस यांपैकी एकाला देखभालीसाठी बोलावता येईल अशी तरतूद अंदाजपत्रकात ‘संगणक देखभाल’ या स्वतंत्र नावाने असावी, किरकोळ खर्चात दडवलेली नसावी. शिक्षकांच्या अडचणी एका वहीत लिहून ठेवू, त्या दोन दिवसांत त्या सुटतील. गावातल्या गावात, मराठीत.

ज्या इतर शाळांच्या संगणक शिक्षकांनी मला फोन केले, त्यांच्याही संस्थाचालकांना सांगणं आहे: आधी आपल्या संगणकांवर कुठली आवृत्ती आहे ते विचारा. उबुंटू २२.०४ असेल तर एप्रिल २०२७ लक्षात ठेवा, २४.०४ असेल तर २०२९. १८.०४ असेल, आणि तीही मी दोन शाळांत पाहिली आहे, तर तिची मोफत मुदत २०२३ मध्येच संपली. आज संध्याकाळी तो संगणक इंटरनेटवरून काढा.

आणि शेवटची मागणी त्या ओळीची. ‘मोफत असल्याने खर्चाची आवश्यकता नाही’ हे वाक्य पुढच्या बैठकीत दुरुस्त व्हावं. दहावीचे पेपर तपासायला गेलेले शिक्षक परत आले, की सुट्टी लागायच्या आत आठ-दहा दिवस मिळतात, तेवढ्यात बैठक होऊ शकते. डेबियन भरलेले चार पेनड्राइव्ह माझ्या कपाटात तयार आहेत. ठराव झाला, की सुट्टीच्या पहिल्या सोमवारी सकाळी आठला मी लॅब उघडते.

आपली नम्र,
एक संगणक शिक्षिका